संदर्भटीपेची कुळकथा

कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकाचा अंक हातीं घेतला असतां वाचकाची दृष्टि प्रथम निबंधाच्या मथळ्यावर जाते, मग आकृतींवर, आणि वाचक फारच चिकाटीचा असल्यास अखेरच्या निष्कर्षावर. त्यापुढें बारीक टाइपांत नांवांची, सालांची आणि आंकड्यांची जी दाट रांग छापलेली असते, तिच्याकडे आपण लग्नपत्रिकेच्या तळाशीं छापलेल्या आप्तेष्टांच्या नांवांकडे पाहावें तसें पाहतों. तीं असावयाचीं म्हणून असतात, वाचावयाचीं म्हणून नव्हेत. पण ज्याचें नांव त्या यादींतून गळलें त्या आप्ताला विचारावें, म्हणजे यादीचें महत्त्व काय तें कळतें! शास्त्रीय निबंधाच्या शेवटची ही संदर्भसूचि, तिच्यांतील स्वल्पविराम, कंस आणि तिरपे टाइप, हें सारें कोठून आलें, तें कोणीं ठरविलें, आणि त्यांत ढिलाई झाल्यास काय अनर्थ होतो, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय रुक्ष आहे, हें मान्य. परंतु त्यांत एक मनुष्य असा आहे कीं, जो कधीं जन्मलाच नाहीं आणि तरीही पन्नास वर्षें विद्वानांच्या ग्रंथांतून सन्मानानें वावरला. त्याच्यापासूनच आरंभ करूं.

१८८७ सालीं प्राग येथील विकृतिशास्त्राचा अध्यापक यारोस्लाव्ह ह्लावा यानें आमांशावरील आपल्या संशोधनाची प्राथमिक हकीकत झेक भाषेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. आमांशाच्या रोग्यांच्या मलांत आढळणाऱ्या अमीबा नामक सूक्ष्म जीवांविषयीं त्यानें तींत लिहिलें होतें आणि मांजरांवर केलेल्या प्रयोगांचे अनुभवही दिले होते. निबंधाचा मथळा अगदीं साधा होता: ‘ओ ऊप्लाव्हित्सि’. झेक भाषेंत ‘ओ’ म्हणजे ‘विषयीं’, आणि पुढचा शब्द हें आमांशवाचक नामाचें विभक्तिरूप. मिळून अर्थ ‘आमांशाविषयीं’. याच रोगावर अलेक्झांड्रिया येथें काम करणारा कार्तुलिस नांवाचा ग्रीक वैद्य होता. त्यानें या निबंधाचा गोषवारा त्याच वर्षीं एका जर्मन नियतकालिकांत दिला. आणि तो देतांना मथळ्याचे शब्द कर्त्याच्या जागीं जाऊन बसले. ह्लावा नाहींसा झाला, आणि ‘ओ. ऊप्लाव्हित्सि’ नांवाचे एक नवे संशोधक अवतरले. आपल्याकडील ‘ज्वरचिकित्सा’ या निबंधाचे कर्ते म्हणून कोणीं ‘श्रीयुत ज्व. चिकित्से’ यांचा आदरपूर्वक उल्लेख करावा, तसाच हा प्रकार झाला.

पुढें या गृहस्थांचा प्रवास एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत सुरू झाला. ‘डॉक्टर’ ही पदवीही त्यांना यथाकाल चिकटली. मांजरांवरील प्रयोगाचें श्रेय त्यांना देण्यांत येऊं लागलें. अखेर सूक्ष्मजीवांचा इंग्रज अभ्यासक आणि लेव्हेनहूकचा चरित्रकार क्लिफर्ड डोबेल यानें १९३८ सालीं ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकांत त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि मथळ्यांत त्यांच्या नांवापुढें कंसांत जन्ममृत्यूचीं सालें घातलीं: १८८७–१९३८. मृत्युलेखाच्या थाटांत लिहिलेला हा शास्त्रीय निबंध वाचतांना हंसूं येतें खरें. पण ह्लावा १९२४ सालींच निवर्तला होता हें लक्षांत आलें म्हणजे तें हंसूं जरा आवरतें. आपलें काम एका व्याकरणाच्या प्रत्ययाच्या नांवें जमा झालें आहे, या वस्तुस्थितींतच त्या मनुष्याचें आयुष्य संपलें.

या प्रकरणांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, उल्लेखाच्या बाह्य रूपांत कोठेंही दोष नव्हता. आद्याक्षर होतें, आडनांव होतें, साल होतें, नियतकालिकाचें नांव होतें. कोणत्याही संपादकानें तो उल्लेख बिनदिक्कत पसंत केला असता. उणीव एवढीच कीं, उल्लेख करणाऱ्यांपैकीं कोणीं मूळ अंक उघडून पाहिला नव्हता; आणि पाहिला असता तरी झेक भाषा किती जणांस येत होती? संदर्भसूचीचा सारा इतिहास हा या दोन गोष्टींच्या ओढाताणीचा इतिहास आहे असें मला वाटतें: एकीकडे उल्लेख कसा लिहावा याचे वाढत गेलेले नियम, आणि दुसरीकडे उल्लेख खरा आहे कीं नाहीं हें पाहण्याचा वाढत गेलेला आळस.

शास्त्रीय नियतकालिकें जन्मास आलीं तीं १६६५ सालीं. त्या वर्षीं जानेवारींत पॅरिस येथें दनी द सालो यानें विद्वानांचें एक नियतकालिक काढलें, आणि मार्च महिन्यांत लंडन येथें रॉयल सोसायटीचा कार्यवाह हेन्री ओल्डेन्बर्ग यानें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केलें. त्या सोसायटीच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा आशय असा कीं, कोणाच्याही नुसत्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. मग दुसऱ्याचा हवाला द्यावयाचा कशाला? पण गंमत अशी कीं, ज्याला कोणाचाही शब्द प्रमाण मानावयाचा नाहीं, त्यालाच शब्द कोणाचा आहे हें नेमकें ठाऊक असावें लागतें. नाहीं तर तो तपासणार काय? ओल्डेन्बर्गच्या काळीं हें काम सोपें होतें. त्याच्या अंकांतील पुष्कळसा मजकूर पत्रांच्या रूपाचा असे, आणि दुसऱ्याचा हवाला वाक्याच्या ओघांतच देण्याची चाल असे: अमुक नगरच्या अमुक विद्वान् गृहस्थानें आपल्या ग्रंथांत असें म्हटलें आहे, वगैरे. वाचणारे मूठभर आणि ग्रंथही मोजकेच. पुण्यांतील जुन्या पेठेंत पत्र पाठवितांना वाड्याच्या मालकाचें नांव लिहिलें कीं पुरे होई, घराचा क्रमांक लागत नसे. तसें तें होतें. शहर वाढलें म्हणजे क्रमांक लागतो.

क्रमांक लागण्यापूर्वीं कांहीं काळ टीपांना घरच नव्हतें. त्या कधीं समासांत उभ्या राहत, कधीं पानाच्या तळाशीं, तर कधीं ग्रंथाच्या अखेरीस. एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला, तेव्हां त्याच्या टीपा खंडाच्या शेवटीं छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूम त्या वेळीं अखेरच्या आजारांत होता. तरी त्यानें तो जाडा ग्रंथ वाचला आणि स्ट्रॅहन या प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली कीं, टीपेची खूण दिसली म्हणून वाचक मोठ्या उत्सुकतेनें शेवटचीं पानें उलटतो, आणि तेथें बहुधा एखाद्या ग्रंथाच्या नांवाशिवाय कांहीं नसतें. तेव्हां हे आधार समासांत किंवा तळाशीं छापावे. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ह्यूम वारला. गिबनच्या पुढील आवृत्त्यांत टीपा पानाच्या तळाशीं आल्या. मरणोन्मुख तत्त्ववेत्त्याला पानें उलटण्याचा त्रास असह्य व्हावा आणि त्यायोगें इतिहासग्रंथाच्या एका श्रेष्ठ नमुन्याचें रूप ठरावें, ही घटना मला फार हृद्य वाटते.

आपल्याकडील शास्त्रकारांचा मार्ग निराळा होता. टीकाकार मल्लिनाथ यानें निराधार असें कांहीं लिहिणार नाहीं अशी प्रतिज्ञाच केली आहे, आणि ‘साधार’ व ‘निराधार’ या शब्दांना मराठींत जें नैतिक वजन आहे त्याच्या मुळाशीं हीच वृत्ति असावी. तथापि संस्कृत टीकाकार वचन देतो, क्वचित् ग्रंथकाराचें नांव देतो, पण स्थळ सहसा देत नाहीं. कारण ज्याला तें वचन मुखोद्गत नाहीं असा वाचक त्याच्या कल्पनेंतच नसतो. प्रतिपक्षाचें मत सांगतांना ‘केचित्’ म्हणजे ‘कोणी असें म्हणतात’ एवढ्यावर भागविण्याचीही सोय होतीच. पाठांतराच्या जगांत हें चालून जाई. छापील ग्रंथांचें जग आलें तेव्हां आमच्या विद्वानांनीं नवी शिस्त उचलली आणि ती परक्यांच्याही वर नेऊन ठेवली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत सुकथनकरांनीं प्रत्येक श्लोकाखालीं पोथ्यांची सांकेतिक अक्षरें देऊन पाठभेदांचा जो तळमजला बांधला, तो पाहावा; किंवा महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा, १९३० ते १९६२ या काळांत निघालेला, कोणताही खंड उघडावा. काण्यांच्या पुष्कळ पानांवर वरचा मजकूर चार ओळी आणि खालचा आधार तीस ओळी अशी स्थिति दिसते. ते नुसतें स्थळ सांगून थांबत नाहींत. मूळ वाक्यही तळटीपेंत देतात. ज्याच्या गांवीं मोठें ग्रंथालय नाहीं अशा वाचकालाही पडताळा घेतां यावा, ही सोय त्यानें आपोआप होते.

सृष्टिशास्त्रांत मात्र तळटीपेला फार काळ सुखानें राहतां आलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील प्रयोगशाळांतून निबंधांचा असा पूर सुरू झाला कीं, एकेका पानाखालीं आठ आठ दहा दहा टीपा येऊं लागल्या. तारका, खंजीर, दुहेरी खंजीर, समांतर रेघा अशीं चिन्हें ओळीनें वापरून संपत, आणि मग पुन्हा तारकेवर तारका चढत. खिळे जुळविणाऱ्याच्या दृष्टीनें तळटीप ही मोठी आपत्ति. मुद्रितें तपासतांना लेखकानें एक आधार मध्येंच घुसडला कीं पुढचीं पानें मोडून पुन्हा बांधावीं लागत. तोच ग्रंथ दहा ठिकाणीं आला तर त्याचें नांव दहा वेळां लिहावें, किंवा ‘तत्रैव’, ‘पूर्वोक्त’ या अर्थाच्या लॅटिन संक्षेपांनीं वाचकाला मागें पिटाळावें. हे संक्षेप म्हणजे वाचकाची थट्टाच होय. ‘पूर्वोक्त’ पाहून जो मागें गेला, तो सत्तर पानें चाळून परत येतो तों मूळ मुद्दा विसरलेला असतो.

यावर तोडगा निघाला तो एका गोगलगाईच्या निमित्तानें. हार्वर्ड विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क हा लाइप्झिग येथें शिकून आलेला, शिस्तीचा अध्यापक. बागेंत आढळणाऱ्या बिनशंखाच्या एका गोगलगाईच्या अंड्याची परिपक्वता, फलन व विभाजन यांवरील त्याचा चारशेंवर पानांचा निबंध हार्वर्डच्या प्राणिसंग्रहालयाच्या पत्रिकेंत १८८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें दुसऱ्या एका संशोधकाचा उल्लेख करतांना कंसांत त्याचें नांव आणि निबंधाचें साल एवढेंच घातलें, आणि एका टीपेनें वाचकास कळविलें कीं, या सालावरून निबंधाच्या अखेरीस दिलेल्या सूचींत पूर्ण माहिती शोधावी. कंसांत नांव व साल देण्याच्या पद्धतीचें हें पहिलें ज्ञात उदाहरण. १९८८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें एली चेर्निन या संशोधकानें याचा शोध लावून दाखविला. पुढें या रीतीला ‘हार्वर्ड पद्धति’ असें नांव पडलें. तें, हार्वर्डच्या ग्रंथालयास भेट देऊन आलेल्या कोणा इंग्रज गृहस्थानें मायदेशीं परतल्यावर दिलें, अशी कथा आहे. मार्कचें नांव मात्र त्या पद्धतीस पडलें नाहीं. दुसऱ्यांचीं नांवें नीट लिहिण्याची युक्ति ज्यानें काढली, त्याचेंच नांव युक्तीवरून पुसलें जावें, हा योग चमत्कारिक खरा.

या युक्तींतील खुबी थोडी उलगडून सांगितली पाहिजे. कंसांत नांव आणि साल आलें कीं, त्या विषयाच्या जाणकाराला वाक्य वाचतां वाचतांच विषयाची वंशावळ दिसते. कोणीं आधीं म्हटलें, कोणीं नंतर खोडलें, वीस वर्षें मध्यें कोणीच कसें बोललें नाहीं, हें सूचीकडे न वळतां कळतें. याच्या उलट, वाक्याच्या डोक्यावर बारीक आंकडा घालून शेवटीं अनुक्रमानें सूचि देण्याची जी दुसरी रीति, तींत वाक्य स्वच्छ राहतें, छापण्यास जागा कमी लागते, आणि वैद्यकासारख्या शास्त्रांत, जेथें एका वाक्यामागें पंधरा आधार असतात, तेथें ती सोयीचीही आहे. पण आंकड्याला चेहरा नसतो. माझें स्वतःचें मत मार्कच्या बाजूचें आहे. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं ‘नेचर’मध्यें आनुवंशिक द्रव्याच्या दुहेरी मळसूत्राकार रचनेवर एक पानभर मजकूर दिला, त्याला आंकड्यांनीं दाखविलेले सहा आधार होते आणि ते पुरे झाले. आईन्स्टाईनच्या १९०५ सालच्या सापेक्षतेवरील निबंधांत तर एकही आधार नाहीं. शेवटीं फक्त बेसो या मित्राचे आभार आहेत. ही माहिती वर्गांत सांगण्याचें मीं अलीकडे सोडून दिलें आहे. दरवर्षीं एक तरी विद्यार्थी विचारतो कीं, आईन्स्टाईननें दिले नाहींत तर आम्हीं कां द्यावे? उत्तर अवघड नाहीं, पण ऐकणाऱ्यास तें आवडत नाहीं.

नांव आणि साल या पद्धतीची एक गोम मात्र आपल्या लोकांना विशेष जाणवते. ही पद्धति ज्यांनीं घडविली, त्यांच्या देशांत प्रत्येक मनुष्यास एक घराण्याचें आडनांव असतें आणि तें जन्मभर बदलत नाहीं, असें त्यांनीं गृहीत धरलें. मराठी माणसाचें त्यांत भागतें. पण तामिळनाडूंतील माणसाच्या नांवाआधींचीं अक्षरें गांवाचीं व वडिलांचीं, आणि शेवटचें नांव हेंच त्याचें स्वतःचें. सूचींत रामन आणि रंगनाथन हीं जणू आडनांवें म्हणून बसलीं आहेत. त्याहूनही अवघड स्थिति स्त्रियांची. कमला भागवत यांनीं केंब्रिज येथें रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींतील सायटोक्रोम-संबंधीं काम केलें, आणि त्यांचा संयुक्त निबंध १९३९ सालीं ‘नेचर’मध्यें आला, तेथें त्या ‘भागवत’. पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत नीरा व कडधान्यें यांवर त्यांनीं जें संशोधन केलें व करविलें, तेथें त्या ‘सोहोनी’. मूळ हकीकत ठाऊक नसलेल्या परदेशी वाचकाला, सूचीच्या दोन टोकांस असलेल्या या दोन विदुषी एकच होत, हें कळावें कसें? २०१२ पासून प्रत्येक संशोधकास जन्मभर न बदलणारा एक सोळा अंकी क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था चालू झाली आहे. वाड्याच्या मालकाचें नांव जाऊन घराला क्रमांक आला, तो असा.

पद्धति दोन, परंतु स्वल्पविराम कोठें द्यावा याविषयीं मतें मात्र जितकीं नियतकालिकें तितकीं. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्यानें आपल्या जुळाऱ्यांसाठीं केलेल्या नियमांचें पुस्तक १९०६ सालीं छापलें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं १९२९ सालीं हस्तलिखितें कशीं पाठवावीं याविषयीं सूचना प्रसिद्ध केल्या. त्या सात पानांत मावल्या. आज त्याच सूचनांचा ग्रंथ चारशेंवर पानांचा झाला आहे. साल नांवानंतर कीं शेवटीं, मथळा अवतरणचिन्हांत कीं त्याविना, नियतकालिकाचें नांव पूर्ण कीं संक्षिप्त, संक्षेपापुढें टिंब कीं नाहीं, खंडाचा आंकडा ठळक कीं तिरपा, अशा प्रश्नांवर संपादकमंडळांनीं घालविलेला काळ मोजला तर त्यांत एखादें लहानसें शास्त्र उभें राहिलें असतें. एकाचे नियम पाळून लिहिलेला निबंध तेथून परत आला, कीं तो दुसरीकडे पाठविण्यापूर्वीं सबंध सूचि पुन्हा लिहावयाची. संगणक नव्हता तेव्हां ‘पुन्हा लिहिणें’ म्हणजे टाइपरायटरवर पानेंच्या पानें नव्यानें ठोकणें असे, आणि तें काम प्राध्यापक करीत नसत.

तें काम करणाऱ्यांपैकींच सिएटल येथील एका वैद्यकीय अध्यापकाच्या लेखनिक बाईंनीं अखेर तोंड उघडलें. एकच निबंध वेगवेगळ्या नियतकालिकांसाठीं पुन्हा पुन्हा टाइप करून त्या कंटाळल्या होत्या. सूचीच्या रूपाविषयीं तुम्हीं सर्वांनीं एकमत कां करूं नये, असा त्यांचा प्रश्न बड्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांपर्यंत गेला, आणि जानेवारी १९७८ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं संपादकांची एक लहानशी बैठक भरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानें आपल्या सूचीसाठीं बसविलेली रीति त्यांनीं आधाराला घेतली, आणि १९७९ सालीं हस्तलिखितांविषयींच्या समान अपेक्षा प्रसिद्ध केल्या. आधार मजकुरांत ज्या क्रमानें येतील त्या क्रमानें त्यांस आंकडे द्यावे. आडनांव आधीं, मग आद्याक्षरें टिंबांविना. मग मथळा, नियतकालिकाचें ठराविक संक्षिप्त नांव, साल, अर्धविराम, खंड, अपूर्णविराम, पानें. ‘व्हँकूव्हर पद्धति’ म्हणून जी आज जगभर चालते ती हीच. वैद्यकाच्या इतिहासांत शल्यवैद्यांच्या आणि संशोधकांच्या गौरवाची पानें भरलीं आहेत. पण एका लेखनिक बाईच्या त्राग्यानें हजारों लेखनिकांचे तास वांचले, ही नोंद तेथें क्वचितच आढळते.

एवढ्यावर ही कुळकथा थांबती, तर सूचि ही एक उपयुक्त सोय म्हणून राहिली असती. परंतु सूचि एकसारखी झाली कीं ती मोजतां येते, आणि जें मोजतां येतें त्याचा बाजार भरण्यास उशीर लागत नाहीं. १९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजांतील ग्रॉस आडनांवाच्या दोघां संशोधकांनीं एक साधा हिशेब केला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या एका वर्षाच्या अंकांत इतर कोणत्या नियतकालिकांचे उल्लेख किती वेळां आले हें मोजून, लहान कॉलेजाच्या ग्रंथालयानें कोणतीं मागवावीं हें त्यांनीं सुचविलें. हेतु निर्मळ होता. पुढें १९५५ सालीं यूजीन गार्फील्ड यानें ‘सायन्स’मध्यें अशी कल्पना मांडली कीं, कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढें कोणीं कोणीं केला याची उलट दिशेची सूचि करावी. अमेरिकेंतील वकिलांपाशीं अशी सूचि १८७३ पासून होतीच. जुना न्यायनिर्णय पुढच्या निर्णयांत उचलला गेला कीं मोडला गेला, हें त्यांना पाहावें लागे. गार्फील्डची विज्ञानाची उल्लेखसूचि १९६४ सालीं बाहेर पडली. तिच्या योगें संशोधकाला भूतकाळांतून वर्तमानाकडे येतां येऊं लागलें. ही सोय थोर होती. पण लौकरच कोणाचे उल्लेख किती यावरून माणसाची आणि नियतकालिकाची किंमत ठरूं लागली. आपल्या विद्यापीठ अनुदान मंडळानेंही २०१० च्या नियमांनीं प्राध्यापकाची बढती प्रसिद्ध निबंधांच्या गुणांशीं जोडली. पूर्वीं उल्लेख हें ऋण होतें. आतां तें चलन झालें. ऋण चुकतें करणारा मनुष्य सावकाराचें घर पाहून येतो. चलनी नोट आली कोठून हें विचारण्याची गरज कोणास पडते?

याचा पडताळा सिम्किन व रॉयचौधुरी या दोघांनीं २००३ सालीं मोठ्या चातुर्यानें घेतला. परीक्षकाची जुनी युक्ति सर्वांस ठाऊक आहे: दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखें असलें तर त्यांत कांहीं सिद्ध होत नाहीं, पण चूक सारखी असली कीं चोरी सांपडते. कोस्टर्लिट्झ व थाउलेस यांचा पदार्थविज्ञानांतील १९७३ सालचा एक प्रख्यात निबंध त्यांनीं घेतला. त्याच्या सुमारें ४३०० उल्लेखांपैकीं १९६ उल्लेखांत आंकडे चुकलेले होते. पण निरनिराळ्या चुका अवघ्या ४५ होत्या, आणि पानाच्या आंकड्याची एकच चूक ७८ ठिकाणीं जशीच्या तशी उतरली होती. यावरून त्यांचें अनुमान असें निघालें कीं, उल्लेख करणाऱ्यांपैकीं सुमारें पंचमांश लोकांनींच मूळ निबंध पाहिला असावा. अनुमानाची रीति वादग्रस्त आहे, ७८ हा आंकडा नाहीं.

ह्लावाच्या गोष्टींत निदान निबंध खरा होता, फक्त कर्ता खोटा. २०१७ सालीं अॅन-विल हार्झिंग या विदुषीनें जें उजेडांत आणलें, त्यांत निबंधही नव्हता. एका बड्या प्रकाशनसंस्थेनें, सूचि कशी लिहावी हें लेखकांस दाखविण्यासाठीं, नमुना म्हणून तीन नांवांचा, २००० सालचा, ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक काल्पनिक आधार आपल्या सूचनापत्रांत छापला होता. तसा निबंध कधीं लिहिला गेला नाहीं. त्या नांवाचें नियतकालिकही नाहीं. तरी शास्त्रीय निबंधांच्या गणनेंत त्याचे सुमारें चारशें उल्लेख सांपडले. कोणी नमुना पुसावयास विसरले असतील, कोणीं तो दुसऱ्याच्या सूचींतून उचलला असेल. स्वल्पविराम मात्र सर्व ठिकाणीं बिनचूक होते.

आणि आतां असे आधार रचून देणारीं यंत्रेंच निघालीं आहेत. प्रश्न विचारावा, आणि संगणकानें क्षणार्धांत सुबक निबंध लिहून द्यावा. खालीं आधार मागावे, तर तेही द्यावे. नांवें त्या विषयांतील खऱ्या लोकांचीं, नियतकालिक खरें, साल संभाव्य, खंड व पानें यथास्थित, शिवाय २००० सालापासून निबंधांस जे कायम क्रमांक देण्यांत येतात तसा एक क्रमांकही. आणि निबंध मात्र कोठेंच नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत एका विमान कंपनीवरील दाव्यांत वकिलांनीं असेच सहा पूर्वनिर्णय सादर केले. प्रतिपक्षाला ते सांपडेनात, न्यायाधीशालाही सांपडेनात. चौकशींत असें निघालें कीं, वकिलानें यंत्रालाच, हे निर्णय खरे आहेत काय, असें विचारलें होतें, आणि यंत्रानें होय म्हणून सांगितलें होतें. जून महिन्यांत न्यायालयानें पांच हजार डॉलर दंड केला. ज्या धंद्यानें १८७३ सालींच उल्लेख तपासण्याची सूचि निर्माण केली, त्याच धंद्यांत हें व्हावें!

आमच्या विभागांत यावर एक घरगुती उपाय चालू आहे. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीं उमेदवाराच्या सूचींतील कोणतेही तीन आधार मी खुणा करून त्याच्याकडे पाठवितों, आणि ते निबंध घेऊन येण्यास सांगतों. छापील प्रत असो, झेरॉक्स असो वा संगणकाच्या पडद्यावर असो. त्यानें फक्त एवढें करावयाचें कीं, ज्या वाक्यासाठीं तो आधार दिला तें वाक्य मूळांत बोट ठेवून दाखवावयाचें. यंदा सहा उमेदवार होते. चौघांनीं तिन्ही दाखविलीं. एका मुलीनें दोन दाखविलीं आणि तिसऱ्या निबंधांत तिच्या विधानाच्या नेमकें उलट लिहिलेलें निघालें. तिनें तें स्वतःच रात्रीं वाचून, सकाळीं सुधारलेलें पान जोडून आणलें होतें. सहावा उमेदवार परीक्षेची तारीख पुढें ढकलण्याचा अर्ज घेऊन आला.